ॲसेटिक ॲसिडचा आवाज

मावशीच्या रेडिओला उंदीर लागलाय, असं मावशीचं ठाम मत होतं. रेडिओच्या लाकडी पेटीची पुढची कड कुरतडलेली दिसायची आणि दर काही दिवसांनी ते कुरतडणं वाढलेलं असायचं. तिनं पिंजरा लावला, त्यात तूप लावून भाकरीचा तुकडा अडकवला, शेजारणीचं मांजर मागून आणलं. उंदीर काही सापडला नाही. सापडणार कुठून? उंदीर मी होते. मावशी देवळात गेली की मी रेडिओ लावायचे, पेटीच्या कडेवर दात रोवायचे, आणि गाणं थेट माझ्या डोक्यात उतरायचं. कानांना तो रेडिओ म्हणजे भिंतीपलीकडची कुजबुज होती. दातांनी ऐकलं की तबलजीचं बोट कुठं घसरलं तेसुद्धा कळायचं. असं का होतं, ते मला पुढे किती तरी वर्षांनी औरंगाबादच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. आतली नस शाबूत होती, बाहेरची वाट तेवढी मोडलेली, आणि हाडातून आवाज जायला त्या वाटेची गरज नसते. तेव्हा मात्र मला वाटायचं, हे काहीतरी विचित्र जनावरासारखं आहे आणि कोणाला दिसलं तर मारतील.

माझे कान लहानपणीच फुटले. आमच्या देऊळघाटला कान फुटणं नाक गळण्याइतकंच साधं समजायचे. पू वाहायचा, आई कापसाचा बोळा घालायची, लसूण जाळलेलं कोमट तेल सोडायची, झालं औषध. डावा पार गेला, उजव्यात थोडी धुगधुगी राहिली. समोरच्याचे ओठ पाहून मी पुष्कळ काही धरायचे, त्यामुळे शाळेत पत्ता लागला नाही. ‘इंदूचं ध्यान नसतं’ एवढंच मास्तर म्हणायचे, आणि ध्यान नसलेली पोरगी पहिली कशी येते हा प्रश्न त्या शहाण्यांना कधी पडला नाही. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी घरात एकदाच सांगून ठेवलं होतं, “पोट्टीच्या कानाचं भाईर जाऊ द्याचं नाई. दोन पोरी हायेत माह्या. एक बहिरी निंघाली म्हटलं का दुसरीलेबी कोणी पाह्याले येनार नाई.” मला बुलढाण्याला मावशीकडे ठेवून कॉलेजात घातलं, तेही शिक्षणाच्या प्रेमापोटी नाही. शिकलेली पोरगी गप्प बसली तर लोकांना तो तिचा रुबाब वाटतो, बहिरेपणा वाटत नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चूक नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं.

मावशी विधवा. काका कचेरीत होते, ते गेल्यावर मागे दोन खोल्या, तो रेडिओ आणि तिची कडक जीभ एवढं उरलं. तिच्या हाताला चव होती. कळण्याची भाकर, वर तेल ओतलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा. खाऊ घालायची पोटभर आणि मारायचीही पोटभर. तिचं म्हणणं, मुलगी पाहायला येणाऱ्यांत एखादी खवट बाई असतेच, ती मुद्दाम मागून हळू हाक मारते, नाहीतर हातातली वाटी पाडते आणि पोरगी वळते का ते बघते. म्हणून माझी रोज तालीम. मी भिंतीकडे तोंड करून पीठ मळायचं आणि मावशीनं मागे केव्हाही वाटी टाकायची. मी वळले नाही की दंडाला चिमटा, आणि चिमटा म्हणजे नखं रुतवून पिळलेला. “सासरी गेल्यावर मले नावं ठेवशीन, काऊन शिकवलं नाई म्हणून,” ती म्हणायची. मग मी पायाचे अंगठे फरशीवर दाबून ठेवायला शिकले. वाटी पडली की फरशीतून बारीक धक्का यायचा, तो आला की मी अगदी सहज वळायचे. “पाय कशी वळली! शाबास!” असं म्हणून मावशी गुळाचा खडा द्यायची. कुत्र्याला शिकवतात तसंच, पण कुत्र्याला निदान चिमटे काढत नाहीत.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही मोजकीच मुलं होतो आणि त्यात मुली दोन. मी आणि वकिलाची सुलभा. रसायनशास्त्राला लिमये सर होते, पुण्याचे. आपली इकडे बदली म्हणजे काळं पाणी, अशी त्यांची समजूत, आणि ती शिक्षा त्यांनी आमच्याकडून वसूल करायचं ठरवलेलं. आमच्या बोलण्याची त्यांना शिसारी. कोणी ‘मले समजलं नाई सर’ म्हटलं की ते सगळ्या वर्गाला ऐकवायचे, “मले! तुले! गोठ्यातून उठून आलात का रे सरळ?” मुलं हसायची. ज्याच्यावर विनोद व्हायचा तोही हसायचा, आणि ते मला सगळ्यांत घाण वाटायचं. मी त्यांच्या तासाला तोंडच उघडत नसे, म्हणून त्यांनी माझं नाव ‘मौनीबाई’ ठेवलं. मराठी शुद्ध असलं म्हणजे माणूसही शुद्ध असतो, असं त्या वेळी पुष्कळांना वाटायचं. मलाही वाटायचं, चुलीत गेलं ते वाटणं.

त्या वर्षी प्रयोगांत एक होता, दुर्बल आम्लाचा डिसोसिएशन कॉन्स्टंट काढायचा. आम्ही त्याला नुसतं ‘के’ म्हणायचो. मीठ पाण्यात टाकलं की सगळंच्या सगळं फुटून मोकळं होतं. ॲसेटिक ॲसिड, म्हणजे शिरक्यातलं आम्ल, तसं नाही. त्याचे बहुतेक रेणू एकत्र घरातल्या माणसांसारखे एकमेकांना धरून राहतात आणि एखादाच सुटून बाहेर पडतो. किती सुटले, ते पाण्यातून वीज किती जाते त्यावरून कळतं आणि त्यावरून तो ‘के’ निघतो. वीज मोजायची पद्धत अशी, की काचेच्या पेल्यात प्लॅटिनमच्या दोन काळ्या पट्ट्या, एका बाजूला रोधाची पेटी, मधे लाकडी पट्टीवर ताणलेली लांब तार. एक गुणगुणतं यंत्र तारेत आवाज सोडतं आणि तो टेलिफोनसारख्या एका कर्ण्यात ऐकू येतो. तारेवरून टोक सरकवत न्यायचं. आवाज बारीक होत होत एका जागी जवळजवळ मरतो आणि पुढे गेलं की पुन्हा वाढतो. जिथे मेला ती जागा लिहून घ्यायची. सगळा प्रयोग त्या आवाज मरण्याच्या जागेवर उभा.

म्हणजे झालीच ना पंचाईत! पहिल्या दिवशी मी कर्णा उजव्या कानाला लावला आणि नुसती शांतता. टोक इकडे नेलं, तिकडे नेलं, सगळीकडे तेच. सुलभा खिडकीशी गेली होती, सर दुसऱ्या टेबलापाशी कोणाला तरी सोलून काढत होते. मी पदर तोंडावर ओढला आणि कर्ण्याची कड दातांत धरली. काय सांगू! कवटीत भुंगा शिरल्यासारखा आवाज आला. टोक सरकवलं तसा तो भुंगा लांब लांब गेला, अगदी एका केसाएवढ्या जागेवर नाहीसा झाला आणि पलीकडे पुन्हा जागा झाला. सुलभा दोन कानांनी जी जागा बोटभर रुंदीत शोधायची, ती मला तारेच्या टोकाएवढी मिळायची. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यात एकटीच हसत होते. लहानपणापासून ऐकू आल्याचं नाटक करत आले होते, आणि इथे पहिल्यांदा मला नाटक करायचं नव्हतं, खरोखर ऐकू येत होतं. पुस्तकातला ॲसेटिकचा आकडा एक पूर्णांक आठच्या आसपास, पुढे दहाचा उणे पाचवा घात. सरावात मला तोच मिळायचा, परत परत. मी तो प्रयोग इतर मुली गाणं म्हणतात तसा करायचे. आनंदच तो, दुसरं काय.

परीक्षा ऐन उन्हाळ्यात आली. बाहेरचे परीक्षक अमरावतीचे, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. मला चिठ्ठीत नेमका तोच प्रयोग आला आणि मी मनात देवाला हात जोडले. चिठ्ठीत तो आणखी चौघांना आला होता. त्याच दिवशी जानेफळहून पाहुणे यायचे होते, नवऱ्या मुलाचे मामा. शंभर एकरांची आसामी, घरात शिकलेली सून हवी होती. त्यांना कॉलेजात शिकणारी पोरगी कॉलेजातच बघायची हौस आली, आणि आबांनाही मिरवायचं होतं. मावशीनं सकाळी माझी वेणी इतकी आवळून घातली की डोळे ताणले गेले. “वाटी पडली का वळजो,” तिनं बजावलं. मी म्हटलं, “मावशी, तिथं कोण वाटी पाडनार हाय?” त्यावर एक चिमटा मिळालाच.

मी कर्णा दातांत धरून वाचनं घेतली. भुंगा नेहमीसारखाच मेला, नेहमीसारखीच नेमकी जागा. आकडेमोड केली. ‘के’ पाचपट मोठा. पुन्हा घेतलं, तेच. आम्ल पातळ केलं तर आकडा तोच राहायच्या ऐवजी आणखी वर चढला. आज एखादं हुशार पोरगं ते पाहून लगेच म्हणेल, पाण्यातच खोट आहे. मला तेव्हा एवढंच कळत होतं की माझं ऐकणं चुकलेलं नाही. सुलभानं कोपरानं ढोसलं आणि सरांना ऐकू जाऊ नये म्हणून समोर येऊन नुसते ओठ मोठे हलवत म्हणाली, “आमचंही तसंच आलं गं. एक पूर्णांक आठ घे आणि उलटं करत जा. सगळ्यांनी तेच केलंय.” खरंच सगळे खाली मान घालून उत्तराकडून वाचनाकडे उलटे चालले होते. मी तसं केलं नाही. घरात रात्रंदिवस सोंग करायचं, ते तिथेही करायचं? तिथे मी खरी होते. मी आले तेच आकडे लिहिले आणि शेवटचं एकदा ताडून पाहावं म्हणून कर्णा पुन्हा दातांत धरला.

तेवढ्यात कोणीतरी तार ओढली. कर्णा दातांतून सुटला, ओठ फाटला, थुंकी हनुवटीवर आली. लिमये सर उभे होते, शेजारी परीक्षक. “हे काय? यंत्र खातेय ही!” सर ओरडले. त्यांचे ओठ इतके फाकले होते की बहिऱ्यालाच काय, मेलेल्यालाही कळलं असतं. “वऱ्हाडात सगळंच चावून बघायची पद्धत दिसते. भूक लागली का मौनीबाई?” सगळी प्रयोगशाळा हसली. सुलभाही हसली. सरांनी माझे आकडे पाहिले आणि ते परीक्षकांना दाखवले. मग ते माझ्या पाठीमागे गेले. मला वाटलं, आता जातील. ते गेले नव्हते, माझ्या डाव्या कानाशी उभे राहून काही तरी म्हणत होते, पुन्हा पुन्हा, आणि समोरची पोरं पोट धरून वाकत होती. काय म्हणत होते ते मला कोणी कधी सांगितलं नाही. मी पायाचे अंगठे दाबून उभी राहिले, पण माणसाच्या शब्दाचा धक्का फरशीतून येत नाही. “बहिरी आहे,” सर पुढे येऊन म्हणाले, “ठार बहिरी. आणि हिनं आवाजाचा प्रयोग केला!” त्यांना माणूस पकडल्याचा आनंद झाला होता, तो त्यांच्या तोंडावर मी स्पष्ट पाहिला.

परीक्षक हसले नाहीत. माझ्या समोर येऊन, सावकाश, ओठ दिसतील असे बोलले, “बाळ, कानाचा दोष असेल तर मी तुला दुसरा प्रयोग देऊ शकतो. दुपारी टायट्रेशन कर, त्याला ऐकावं लागत नाही. पण घरच्या मोठ्या माणसानं तसं सांगायला हवं. नाहीतर हे आकडे मला नापासच करावे लागतील.” घरचं मोठं माणूस व्हरांड्यात हजरच होतं. पट्टेवाल्यानं आबांना आत आणलं, आणि त्यांच्या मागोमाग जानेफळचे मामाही आले, पांढरी टोपी, हातात चहाची बशी. त्यांना काय, कॉलेज आतून पाहायला मिळत होतं.

परीक्षकांनी विचारलं, “मुलीच्या कानाला लहानपणापासून काही त्रास आहे का?”

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे. फाटलेल्या ओठातून माझ्या पातळावर रक्ताचा थेंब पडला होता, तो त्यांना दिसला, हे मी पाहिलं.

“नाई साहेब,” आबा म्हणाले. “कान चांगले हायेत पोरीचे. अभ्यासच केला नाई तिनं. कामचोर हाय.”

कामचोर! पहाटे उठून मावशीचं सगळं पाणी भरून मग पुस्तक उघडणारी मी. अंगाचा नुसता भडका उडाला. मामांनी बशीतला चहा फुंकला. परीक्षकांनी मान हलवली आणि कागद उचलला, पण सही करायच्या आधी थांबले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तू सांग. ऐकू येतं तुला?”

आबा माझ्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत नव्हते, तरी ते काय म्हणत होते ते मला कळत होतं. धाकट्या बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो आला नाही असं मी लिहिणार नाही. पण कॉलेजातली तीन वर्षं माझी होती, तो प्रयोग माझा होता, आणि मी ती कोणाच्या टोपीपायी पाण्यात घालणार नव्हते.

“नाई सर,” मी म्हणाले. “डाव्यानं काईच नाई येत. उजव्यानं जरासं येते. लहानपणापासून. आबाले मालूम हाय.”

मामांनी बशी खिडकीत ठेवली. “बरं झालं बाप्पा, अठीच समजलं,” ते आबांना म्हणाले. “आमाले पुढच्या पोराबाळाईचंबी पाहा लागते.” आणि निघून गेले. आबा त्यांच्या मागे दारापर्यंत धावले, अक्षरशः धावले. लिमये सर सुलभाला काहीतरी सांगत हसत होते.

परीक्षकांनी माझा शब्द मानला आणि दुपारी मी टायट्रेशन केलं. रागात माझा हात स्थिर होतो. बाटलीतलं शुद्ध पाणी संपलं म्हणून प्रयोगशाळेचा गडी सुपडा याला हाक मारली, तर त्यानं कोपऱ्यातल्या कोऱ्या माठातून गडू भरून आणला. मी बघतच राहिले. सरांनी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं, पुस्तकात पंचवीस अंशांचे आकडे आहेत, पाणी थंड पाहिजे. आमच्याकडे पाणी थंड म्हणजे माठ. बिचाऱ्यानं बाजारातून नवा माठ आणून, धुऊन, सगळं ऊर्ध्वपातित पाणी त्यात ओतून ठेवलं होतं. मातीतले क्षार रात्रभर त्या पाण्यात उतरले आणि सकाळी आमच्या बाटल्या त्यातूनच भरल्या. वीज जाणार नाही तर काय! म्हणजे माझं वाचन बरोबर होतं. अख्ख्या प्रयोगशाळेत त्या दिवशी खरं ऐकलं ते एकट्या बहिरीनं. मी सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, “मग बाकी सगळ्यांचं उत्तर बरोबर कसं आलं?” आणि मला दाराबाहेर हात दाखवला.

मी पास झाले. पुढे नोकरी केली, स्वतःचं खाल्लं, कोणाच्या दारात उभी राहिले नाही. धाकटीचं लग्न व्हायला फार वर्षं लागली आणि झालं तेही बिजवराशी. ती माझ्याशी बोलते, पण सणाला बोलावत नाही. ज्यांना माझा निर्णय स्वार्थी वाटतो त्यांनी खुशाल म्हणावं. मी त्यांना उत्तर देण्याच्या वयात आता राहिलेले नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. परीक्षा आटोपून मी गावी जायला मोटार स्टँडवर गेले. देऊळघाटच्या गाडीला वेळ होता, स्टँड माणसांनी भरलेलं. आठवडी बाजार करून निघालेले लोक, आमच्या गावचे, ओळखीचे. आबा एकटेच पलीकडच्या टोकाला उभे होते. आमच्या घरात मला कोणी कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती. जवळ यायचं, खांद्याला हात लावायचा, उजव्या बाजूनं बोलायचं, अशी सगळ्यांना सवय होती, म्हणजे बाहेरच्याला कळू नये. आबा जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांचा द्रोण तोंडाशी धरला आणि सगळ्या स्टँडवर घुमेल असं ओरडले, “अवो बहिरेऽऽ! गाडी लागून राह्यली! ऐकू येते काय?”

सगळी गर्दी वळली. गावचे लोक आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहायला लागले. त्यांनी पुन्हा तेच ओरडून सांगितलं. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

“हाव आबा,” मी तेवढ्याच मोठ्यानं ओरडले. “आलं ऐकू.”